कंपन्या एक झाल्या, याद्यांचं काय?

दोन विमान कंपन्या एक होणार अशी बातमी आली की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. काढलेलं तिकीट चालेल का, साठवलेले पॉइंट बुडतील का, भाडं वाढेल का. मग कधीतरी कोणीतरी विचारतं, ‘वैमानिकांच्या नोकऱ्या जातात का हो अशा वेळी?’

बहुतेक वेळा याचं उत्तर ‘नाही’ असं असतं. विमानं उडवायची तर वैमानिक लागणारच. पण एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. नोकरी राहिली तरी ती कोणत्या खुर्चीतली, कोणत्या शहरातली आणि किती दिवसांची, हे सगळं विलीनीकरणात बदलू शकतं. काल डाव्या खुर्चीत बसून विमानाची जबाबदारी सांभाळणारा पन्नाशीतला कॅप्टन उद्या उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसू शकतो. पगार घटतो, घर एका शहरात आणि काम दुसऱ्या शहरात अशी ओढाताण सुरू होते. आणि मंदी आली की सर्वात आधी घरी बसणाऱ्यांत त्याचं नाव येतं.

हे होऊ नये म्हणून वैमानिकांच्या संघटना कंपनीशी केलेल्या करारात नोकरीच्या संरक्षणाची कलमं घालून घेतात. ही कलमं कशी जन्माला आली, कधी टिकली आणि कधी मोडली, हे या प्रकरणात पाहू. गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे, कारण या कलमांचा जन्म तिथला आणि त्यांची सर्वात कठोर परीक्षाही तिथेच झाली. शेवटी आपल्याकडेही येऊ.

१. एका आकड्यावर उभी नोकरी

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत प्रत्येक वैमानिकाला एक क्रमांक असतो. कंपनीत तो कधी रुजू झाला त्यावरून हा क्रमांक ठरतो. सर्वात जुना वैमानिक पहिला, काल लागलेला शेवटचा. यालाच ज्येष्ठता यादी, म्हणजे सिनिऑरिटी लिस्ट म्हणतात.

आपल्याकडे सरकारी कचेरीतही अशी यादी असते, पण तिचा उपयोग बढतीपुरता. वैमानिकाचं मात्र सारं आयुष्य या आकड्यावर बेतलेलं असतं. लहान विमान की मोठं, कॅप्टन की सहवैमानिक, न्यूयॉर्कला नेमणूक की शिकागोला, दिवाळीसारख्या त्यांच्या सणाला, म्हणजे नाताळला, घरी राहायला मिळेल की नाही, हे सगळं यादीच्या क्रमाने ठरतं. दर महिन्याला वैमानिक आपली पसंती कळवतात. वरच्यांना हवं ते मिळतं, खालच्यांना उरलेलं.

आणि काम कमी झालं की यादी शेवटाकडून तोडली जाते. वैमानिकांना बिनपगारी घरी बसवतात. याला ‘फर्लो’ म्हणतात. हा बडतर्फीचा प्रकार नव्हे. दिवस सुधारले की परत बोलावतात, पण ते बोलावणं सहा महिन्यांत येईल की सहा वर्षांत, हे कोणीच सांगू शकत नाही.

आता यातली खरी अडचण. हा आकडा कंपनीबाहेर नेता येत नाही. चांगला डॉक्टर एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेला तर अनुभवासह जातो, पगारही वाढवून मागतो. वीस वर्षं काम केलेला वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला तर परवाना आणि कौशल्य बरोबर जातं, पण यादीत तो सर्वात शेवटी लागतो. सुरुवातीचा पगार, सहवैमानिकाची खुर्ची. म्हणून कंपनी बुडाली किंवा विकली गेली, तर ‘दुसरीकडे बघू’ हा मार्ग त्याला जवळपास बंदच असतो. या एका गोष्टीमुळे विलीनीकरणाची बातमी वैमानिकाच्या घरात इतकी भीती घेऊन येते.

२. दोन याद्या, एक यादी

रेल्वेच्या तिकीट खिडकीची कल्पना करा. दोन खिडक्या, दोन रांगा. एकीत तीस माणसं, दुसरीत दहा. अचानक एक खिडकी बंद होते आणि सगळ्यांना एका रांगेत यायला सांगतात. दहांच्या रांगेत पहिला असलेला माणूस नव्या रांगेत कुठे उभा राहील? तो म्हणणार, ‘मी पहिला होतो.’ लांब रांगेतला विसावा म्हणणार, ‘मी तुझ्या आधी तासभर येऊन थांबलोय.’ दोघांचंही खरं आहे.

याद्या एक करण्याच्या मुख्य रीती तीन. छोटं उदाहरण घेऊ. ‘अ’ ही जुनी कंपनी. तिच्यात सहा वैमानिक, नोकरीची वर्षं ३०, २७, २४, २१, १८ आणि १५. ‘ब’ ही नवी, वाढती कंपनी. तिच्यात तीनच वैमानिक, वर्षं ९, ६ आणि ३.

पहिली रीत रुजू होण्याच्या तारखेची. ज्याची नोकरी जुनी तो वर. मग ‘अ’चे सहाही जण वर जातात आणि ‘ब’चे तिघं सात, आठ, नऊ या क्रमांकांवर. ‘ब’चा पहिल्या क्रमांकाचा कॅप्टन सातव्यावर गेला. त्याची खुर्ची बहुधा गेलीच.

दुसरी रीत प्रमाणाची. सहाला तीन, म्हणजे ‘अ’चे दोन मग ‘ब’चा एक, पुन्हा ‘अ’चे दोन मग ‘ब’चा एक. ‘ब’चा पहिला आता तिसरा झाला. आपल्या कंपनीत तो सर्वात वरच्या एक तृतीयांश भागात होता, नव्या यादीतही तिथेच राहिला. पण त्याच्या खाली, चौथ्या क्रमांकावर, ‘अ’चा २४ वर्षं नोकरी झालेला वैमानिक आहे. नऊ वर्षांचा माणूस वर, चोवीस वर्षांचा खाली.

तिसरी रीत सर्वात सोपी आणि सर्वात निष्ठुर. विकत घेणाऱ्या कंपनीची यादी जशीच्या तशी ठेवायची आणि विकल्या गेलेल्या कंपनीची यादी तिच्या शेवटी जोडायची. वैमानिक याला ‘स्टेपल’ करणं म्हणतात. समजा ‘ब’ने ‘अ’ला विकत घेतलं. मग तीस वर्षांचा कॅप्टन चौथ्या क्रमांकावर, तीन वर्षांच्या सहवैमानिकाच्या खाली.

प्रत्यक्षात या रीतींचं मिश्रण करतात आणि जोडीला ‘कुंपणं’ घालतात. कुंपण म्हणजे काही वर्षांपुरतं राखीव क्षेत्र. अमुक शहरातल्या कॅप्टनच्या जागा तमुक कंपनीच्या जुन्या वैमानिकांसाठीच राहतील, असं लिहून घ्यायचं, म्हणजे धक्का हळूहळू बसतो.

प्रश्न उरतो तो असा: रीत कोणी निवडायची?

३. १९७२ सालच्या दोन अटी

विलीनीकरणातल्या संरक्षणाची सुरुवात रेल्वेने केली. १९३६ साली अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात वॉशिंग्टनला करार झाला. रेल्वे कंपन्या एकत्र आल्या तर ज्यांचं काम जाईल किंवा पगार घटेल त्यांना ठरावीक काळ भरपाई द्यायची, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी रेल्वे कामगारांसाठी असलेला रेल्वे लेबर ॲक्ट विमान कंपन्यांनाही लागू झाला. त्यामुळे आजही अमेरिकी वैमानिकांचे करार रेल्वेच्या कायद्याखाली होतात.

विमान कंपन्यांवर पुढे सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाची कडक देखरेख होती. मार्ग, भाडं आणि विलीनीकरण, सगळ्याला मंडळाची परवानगी लागे, आणि परवानगी देताना मंडळ कामगारांच्या संरक्षणाच्या अटी घालत असे. १९७२ मध्ये ॲलेगेनी एअरलाइन्सने न्यूयॉर्क राज्यातली मोहॉक एअरलाइन्स ताब्यात घेतली. त्या परवानगीत घातलेल्या अटी इतक्या नीट लिहिल्या होत्या की पुढे तोच नमुना झाला. ‘ॲलेगेनी-मोहॉक’ हे नाव अमेरिकी वैमानिकांच्या बोलण्यात आजही येतं.

त्या अटी बऱ्याच होत्या, पण आपल्याला दोन लक्षात ठेवायच्या आहेत. तिसरी अट: दोन्ही याद्या न्याय्य आणि समन्यायी पद्धतीने एक कराव्यात. तेरावी अट: त्यावरून मतभेद झाला तर प्रश्न तटस्थ लवादाकडे जाईल आणि त्याचा निर्णय बंधनकारक राहील.

या अटींनी कोणतीही रीत ठरवून दिली नाही. तारीख की प्रमाण, याचा निकाल त्यांनी लावला नाही. फक्त एवढं सांगितलं, की यादी एकट्या बलवान पक्षाने लिहायची नाही. मला यातलं शहाणपण फार मोठं वाटतं. न्याय नेमका कशात आहे यावर दोन सज्जन माणसांचंही एकमत होणार नाही अशा जागी, निदान निवाडा करणारा तिऱ्हाईत असावा एवढी हमी त्या देतात.

१९७८ साली अमेरिकेने विमान वाहतूक खुली केली. मार्ग आणि भाडी कंपन्यांनी ठरवायची असं झालं. १९८४ अखेर ते मंडळही बंद झालं. त्यानंतर या अटी आपोआप लागू होणं थांबलं. ज्यांना संरक्षण हवं त्यांनी ते कराराच्या टेबलावर मिळवायचं, अशी पाळी आली.

४. करारात काय लिहून घेतात

वैमानिकांना या कलमांची निकड कळली ती एका माणसामुळे. फ्रँक लोरेंझो हे टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीचे प्रमुख. १९८० मध्ये त्यांच्या समूहाने न्यूयॉर्क एअर नावाची वेगळी कंपनी काढली, जिच्यात संघटनाच नव्हती. पुढे त्यांनी काँटिनेंटल एअरलाइन्सचा ताबा घेतला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये तिची दिवाळखोरी जाहीर केली. कामगार करार रद्द समजून बहुसंख्य लोकांना काढलं आणि थोड्यांना निम्म्याच्या आसपास पगारावर परत घेतलं. या धक्क्यानंतर १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने दिवाळखोरीच्या कायद्यात कलम १११३ घातलं. कंपनीने आधी संघटनेशी बोलणी करायची आणि मगच न्यायालयाच्या परवानगीने करार रद्द करायचा, असं ते सांगतं. हे कलम ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

या अनुभवातून करारातली कलमं घट्ट होत गेली. पायाचं कलम ‘स्कोप’चं, म्हणजे कामाच्या व्याप्तीचं. कंपनीचं आणि कंपनीसाठी होणारं उड्डाण याच यादीतले वैमानिक करतील, असं ते म्हणतं. न्यूयॉर्क एअरसारखी दुसरी कंपनी काढून काम तिकडे वळवण्याला ते आडवं येतं. त्याला जोडून येतं उत्तराधिकाऱ्याचं कलम: कंपनी विकायची तर घेणाऱ्याने हा करार मान्य असल्याचं आधी लेखी द्यायचं. त्यापुढे याद्यांचं कलम, ज्यात ॲलेगेनी-मोहॉकच्या त्या दोन अटी जवळपास जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. सरकारने सोडलेलं संरक्षण करारातून परत आणण्याचा हा मार्ग होता.

कंपनीचा तुकडाच विकला तर काय, याचीही तरतूद असते. पॅन ॲमने १९८५ मध्ये आपले पॅसिफिक महासागरावरचे मार्ग युनायटेड एअरलाइन्सला ७५ कोटी डॉलरना विकायचं ठरवलं तेव्हा विमानांबरोबर काही वैमानिकही युनायटेडकडे गेले. काम जिकडे जाईल तिकडे ते करणारा माणूसही जावा, हा त्यामागचा विचार.

सर्वात लोकप्रिय कलम ‘फर्लो नाही’ हे. अमुक तारखेपर्यंत किंवा अमुक वैमानिकांना घरी बसवणार नाही, असं कंपनी लिहून देते. वाचायला हे सर्वात भक्कम वाटतं, पण त्यात अपवाद असतो: युद्ध, नैसर्गिक आपत्ती, कंपनीच्या हाताबाहेरची परिस्थिती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी कंपन्यांनी याच अपवादाचा आधार घेऊन हजारो वैमानिकांना घरी बसवलं. मग त्या कलमाची लढाई लवादांपुढे लढावी लागली.

५. टीडब्ल्यूए: कलम होतं, तरी

ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स, म्हणजे टीडब्ल्यूए. एके काळी हॉवर्ड ह्यूजच्या मालकीची, जगभर उडणारी कंपनी. १९८५ मध्ये कार्ल आयकान यांनी तिचा ताबा घेतला. पुढे कर्ज वाढत गेलं, १९९२ आणि १९९५ मध्ये दिवाळखोरी झाली आणि १० जानेवारी २००१ ला तिसऱ्यांदा. या वेळी अमेरिकन एअरलाइन्स तिला विकत घ्यायला तयार होती.

टीडब्ल्यूएच्या सुमारे २,३०० वैमानिकांच्या करारात संरक्षणाचं कलम होतं. कंपनी विकली गेली तर याद्या न्याय्य रीतीने एक होतील, नाहीतर लवादाकडे जाता येईल. अगदी नमुनेदार कलम. पण अमेरिकनच्या वैमानिकांची संघटना वेगळी होती, अलाइड पायलट्स असोसिएशन. ती १९६३ मध्ये एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे ‘अल्पा’मधून बाहेर पडली होती आणि टीडब्ल्यूएचे वैमानिक अल्पामध्येच होते. अमेरिकनच्या करारानुसार बाहेरून आलेले वैमानिक यादीच्या शेवटी जायचे. म्हणजे दोन करार, दोन कलमं, आणि एक दुसऱ्याच्या बरोबर विरुद्ध.

अमेरिकनने अट घातली: टीडब्ल्यूएच्या वैमानिकांनी आपलं ते कलम सोडलं तरच खरेदी. आणि इथे कलम १११३ पुढे आलं. कामगारांवर अन्याय होऊ नये म्हणून केलेली तरतूद, पण करार रद्द करण्याची वाटही तिच्यातच होती. वैमानिक ऐकत नसतील तर करार रद्द करायची परवानगी द्या, असा अर्ज टीडब्ल्यूएने दिवाळखोरी न्यायालयात केला. वैमानिकांच्या प्रतिनिधींपुढे निवड उरली ती अशी: कलम सोडा आणि नोकरी ठेवा, किंवा कलम धरून बसा आणि न्यायालयाच्या हातून करारच गमावण्याचा, कदाचित खरेदीच मोडण्याचा धोका पत्करा. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी कलम सोडलं. बदल्यात अमेरिकनने एवढंच सांगितलं, की न्याय्य यादीसाठी आपल्या संघटनेचं मन वळवायचा आम्ही वाजवी प्रयत्न करू.

वाजवी प्रयत्न म्हणजे वचन नव्हे. यादी आली तेव्हा टीडब्ल्यूएचे निम्म्याहून अधिक वैमानिक थेट तळाशी गेले. बरीच वर्षं काढलेली माणसं अमेरिकनमध्ये नुकत्याच लागलेल्यांच्या खाली. त्यांच्यासाठी सेंट लुइस शहराभोवती एक कुंपण घातलं, तिथल्या काही जागा त्यांना राखीव.

त्यातच ११ सप्टेंबरचे हल्ले झाले होते. प्रवासी घटले, फर्लो सुरू झाले आणि ते अर्थातच तळापासून झाले. तळाला कोण होतं ते वर सांगितलंच आहे. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकनने सेंट लुइसची उड्डाणं दिवसाला चारशेहून अधिक होती ती जवळपास निम्म्यावर आणली. कुंपण कागदावर राहिलं, त्याच्या आतलं कामच गेलं. टीडब्ल्यूएच्या हवाई सेविका आणि सेवकांची तर पूर्ण यादीच तळाशी जोडली होती. २००३ च्या मध्यापर्यंत त्यातलं एकही माणूस कामावर उरलं नाही.

अमेरिकनच्या वैमानिकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं, आमच्या कंपनीने हात दिला नसता तर टीडब्ल्यूए बंद पडली असती आणि त्यांच्या आकड्याला शून्य किंमत उरली असती. मग त्यांच्यासाठी आमच्या तरुण वैमानिकांनी खाली का सरकावं? हा युक्तिवाद पोकळ नाही. बुडत्या कंपनीतला पहिला क्रमांक आणि चालत्या कंपनीतला पहिला क्रमांक यांचं मोल सारखं नसतं, हे कोणताही लवाद मान्य करील. माझा आक्षेप वेगळा आहे. ते मोल किती कमी धरायचं हे तिऱ्हाईताने ठरवायला हवं होतं. इथे ते लाभार्थ्यांनीच ठरवलं.

टीडब्ल्यूएच्या वैमानिकांनी पुढे आपल्याच संघटनेवर, अल्पावर, दावा लावला. अमेरिकनच्या हजारो वैमानिकांना सभासद करून घ्यायची आशा असल्यामुळे तिने आमच्यासाठी जोर लावला नाही, असा आरोप होता. २०११ मध्ये ज्यूरीने वैमानिकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ५.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. पैसे मिळाले. आकडे मिळाले नाहीत.

६. कायदा परत आला

सेंट लुइस मिसुरी राज्यात आहे. त्या राज्याचे दोन सेनेटर, डेमोक्रॅट क्लेअर मॅकॅस्किल आणि रिपब्लिकन किट बाँड, यांनी पक्ष बाजूला ठेवून डिसेंबर २००७ मध्ये एक छोटी दुरुस्ती मंजूर करून घेतली. ॲलेगेनी-मोहॉकच्या तिसऱ्या आणि तेराव्या अटी पुन्हा देशाचा कायदा झाल्या. दोन्ही गटांची संघटना एकच असेल तर तिचे अंतर्गत नियम चालतील. नाहीतर न्याय्य यादी, आणि मतभेद झाला तर लवाद. टीडब्ल्यूएच्या लोकांना याचा उपयोग नव्हता, कारण कायदा मागे जाऊन लागू झाला नाही.

नोकरी जाणार नाही अशी हमी हा कायदा देत नाही. विमानं कमी केली तर माणसं कमी होतीलच. कोणाची आधी, एवढंच न्यायाने ठरावं, ही त्याची मर्यादा आणि हेच त्याचं बळ.

तिऱ्हाईताचा निवाडा सगळ्यांना पटतो असंही नाही. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज एक झाल्या. यूएस एअरवेज म्हणजे जुन्या ॲलेगेनीचंच पुढचं रूप. ती दुसऱ्यांदा दिवाळखोरीत होती, तिचे शेकडो वैमानिक घरी बसले होते. अमेरिका वेस्ट लहान आणि तरुण. दोन्हीकडची संघटना अल्पाच, म्हणून प्रश्न तिच्या नियमांनुसार लवाद जॉर्ज निकोलाऊ यांच्याकडे गेला. मे २००७ मध्ये निकाल आला. मोठी विमानं यूएस एअरवेजकडेच होती म्हणून तिचे ५१७ वैमानिक सर्वात वर ठेवले, त्याखाली बहुतांश प्रमाणाची रीत लावली आणि घरी बसलेल्यांना तळाशी घातलं. परिणाम असा, की सतरा वर्षं नोकरी झालेला पूर्वेकडचा, म्हणजे यूएस एअरवेजचा, वैमानिक काही महिन्यांपूर्वी लागलेल्या पश्चिमेकडच्या, म्हणजे अमेरिका वेस्टच्या, वैमानिकाच्या शेजारी आला.

पूर्वेकडच्यांचा संताप समजून घेण्यासाठी त्यांनी तोवर काय गमावलं होतं ते पाहावं लागतं. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीवर विमान सुखरूप उतरवणारे कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर याच गटातले. महिन्याभराने त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आणि निवृत्तिवेतन योजना संपवली गेली. पगार गेला, पेन्शन गेली. नोकरीची वर्षं तेवढी उरली होती, आणि आता तीही मोजली गेली नाहीत, ही त्या माणसांची भावना होती. बहुमत त्यांचं होतं. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी अल्पालाच दूर केलं आणि रुजू होण्याच्या तारखेचा आग्रह धरणारी नवी संघटना आणली. पश्चिमेकडचे न्यायालयात गेले. एकाच कंपनीत दोन याद्या, दोन करार, दोन पगार अनेक वर्षं चालले. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी पुढचं विलीनीकरण झालं आणि २०१६ मध्ये तीन सदस्यांच्या लवाद मंडळाने एकच यादी दिली. सुरुवातीपासून अकरा वर्षं.

याउलट डेल्टा आणि नॉर्थवेस्ट. २००८ च्या सुरुवातीला तिथेही यादीवरून बोलणी फिसकटली होती. पण व्यवहार पुरा होण्याआधीच दोन्ही वैमानिक गटांनी एक संयुक्त करार केला, यादीचा वाद लवादाकडे सोपवला आणि त्याचा निकाल मानायचं ठरवलं. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपन्या एक झाल्या, डिसेंबरमध्ये यादी आली. सुमारे १२,००० वैमानिकांचा प्रश्न दोन महिन्यांच्या आत सुटला. दोन्ही प्रकरणांत लवाद होता. फरक पडला तो पगार आणि बाकी अटी आधी एक केल्याने. ज्याच्या खिशाला तोशीस लागत नाही त्याला आकड्याचं दुःख सोसवतं.

७. आपल्याकडे

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन. कंपनी एक झाली, पण पगार, बढती आणि ज्येष्ठता यांचा निकाल आधी लावलाच नाही. २०११ मध्ये असोसिएशनच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला, म्हणजे विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी. त्याच वर्षी मे महिन्यात गिल्डच्या वैमानिकांनी काम बंद केलं. एअर इंडियाने विलीनीकरणाआधी मागवलेल्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण दुसऱ्या गटाला दिलं तर आमची बढती मागे पडेल, ही त्यांची तक्रार. तो संप ५८ दिवस चालला. या भांडणाच्या मुळाशी होती एक न केलेली यादी.

आपल्या कायद्यात संरक्षण नाही असं नाही, आणि त्याची एक कथा थेट बार्शीची आहे. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ताब्यात घेतली. जुन्या कंपनीने आम्हाला कामावरून दूर केल्याची भरपाई द्यावी, अशी कामगारांची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५६ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की धंदाच हस्तांतरित झाला तर त्याला कामगारकपात म्हणता येत नाही. त्यावर उपाय म्हणून १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम घातलं गेलं: मालक बदलला तर नोकरी अखंड राहिली पाहिजे, अटी पूर्वीपेक्षा वाईट नकोत, नाहीतर भरपाई द्या. मोलाची तरतूद. पण दोन याद्या कशा एक करायच्या यावर तिच्यात अक्षर नाही.

करारातूनही थोडंच मिळतं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली तेव्हा विक्रीच्या अटींत एक वर्ष कोणालाही काढायचं नाही आणि दुसऱ्या वर्षी काढायचं तर स्वेच्छानिवृत्तीचा लाभ द्यायचा, असं होतं. त्याची मुदत केव्हाच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराही एअर इंडियात विलीन झाली.

याद्यांचा प्रश्न आपण एकदा कायद्याने हाताळलेला आहे, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा हैदराबादमधून आला, विदर्भ मध्य प्रदेशातून, आणि वेगवेगळ्या ठिकाणचे सरकारी नोकर मुंबई राज्याच्या एका यादीत आले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये या सेवा एकत्र करताना सर्वांना न्याय्य आणि समन्यायी वागणूक मिळावी म्हणून सल्लागार समित्या नेमण्याची तरतूद होती, आणि केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय कोणाच्या सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलायच्या नव्हत्या. खटले त्यानंतरही पुष्कळ झाले. पण दाद मागायला आधार होता.

तलाठी आणि कारकुनासाठी तेव्हा जे लिहिलं गेलं ते वैमानिकासाठी, अभियंत्यासाठी, बँकेतल्या अधिकाऱ्यासाठी लिहायला हरकत नसावी. दोन वाक्यं पुरतील: याद्या न्याय्य रीतीने एक कराव्यात, आणि वाद झाला तर तटस्थ लवादाचा निर्णय बंधनकारक असावा. कामगार संघटनांनी आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी संसदेत न्यावी, आणि ती पुढच्या विलीनीकरणाची घोषणा होण्याआधी न्यावी.